मिनी-सीरीज: चित्रपटाच्या यादीत की कार्यक्रमांच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फिल्म सोसायटीच्या डीव्हीडी आणि हार्ड डिस्कवरच्या संग्रहाची एक्सेलमध्ये नव्याने यादी करताय. 'प्रकार' या रकान्यात 'चित्रपट' आणि 'कार्यक्रम' असे दोनच पर्याय ठेवलेत आणि 'तमस', 'डेकालॉग', 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' या मिनी-सीरीजपाशी, म्हणजे ठरावीक भागांत संपणाऱ्या मालिकांपाशी, येऊन काम अडलंय. समितीतले एक काका म्हणतात, 'तमस'ला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला, म्हणजे तो चित्रपटच. दुसरे म्हणतात, आम्ही तो दूरदर्शनवर भागाभागाने पाहिलाय, त्याला चित्रपट कसं म्हणायचं?

उत्तर आधी देऊन टाकते. मिनी-सीरीज हा दूरचित्रवाणी कार्यक्रम आहे, तिची नोंद तिथेच करा. तिची कापून चित्रपटगृहासाठी आवृत्ती निघाली असेल, तर त्या आवृत्तीची स्वतंत्र नोंद चित्रपट म्हणून करा आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडा. पण तुमचे दोन्ही काका आपापल्या जागी बरोबर आहेत. ते दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत आणि तुमचा रकाना मात्र एकच आहे. खरी अडचण ती आहे.

दृक्-श्राव्य संग्रहांच्या नोंदी करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. सुरुवातीला टाइप केलेली पत्रकं होती, मग सॉफ्टवेअर आलं. एका सॉफ्टवेअरमध्ये साहित्यप्रकाराच्या यादीत 'सीरियल' असा पर्याय होता. ग्रंथालयशास्त्रात सीरियल म्हणजे नियतकालिक, पुढे कधी संपेल हे न ठरवता निघत राहणारं प्रकाशन. नव्याने आलेल्या एका मुलाने टीव्ही सीरियलच्या सगळ्या कॅसेट इमानेइतबारे त्या पर्यायाखाली घातल्या, आणि दोन महिन्यांनी नियतकालिकांच्या छापील यादीत साप्ताहिकं आणि दिवाळी अंकांच्या मधोमध पौराणिक मालिका उगवली! आम्ही हसलो, पण चूक त्याची नव्हती. शब्द एकच, अर्थ दोन. आणि गंमत म्हणजे मिनी-सीरीज यातल्या ग्रंथालयी अर्थाने सीरियल नाहीच, कारण ती किती भागांत संपणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. आमच्या परिभाषेत ती बहुखंडी ग्रंथासारखी: चार खंड, पण ग्रंथ एक.

आता 'तमस'. या एका उदाहरणात तुमचा सगळा प्रश्न मावतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी ही कृती केली आणि जानेवारी 1988 मध्ये ती दूरदर्शनवर भागाभागाने दिसू लागली. प्रक्षेपण थांबवावं म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी संपूर्ण मालिका पाहिली आणि आक्षेप फेटाळले. मग सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 1988 च्या निकालात तेच कायम केलं. निकाल देताना न्यायालयाने जी कसोटी आधाराला घेतली, ती नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी 1940च्या दशकात एका खटल्यात सांगितलेली होती: लिखाणाचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने, कचखाऊ आणि चंचल माणसाच्या नव्हे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढेच आहे. या मालिकेला सेन्सॉर बोर्डाचं 'यू' प्रमाणपत्र होतं. न्यायालयाने सिनेमॅटोग्राफ कायद्याची कलमं लावून, चित्रपटांच्या खटल्यांतले दाखले देऊन तिचा विचार केला. म्हणजे टीव्हीवर चालू असलेली मालिका न्यायालयात चित्रपट म्हणून उभी राहिली.

आणि मग 35वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, 1987 सालच्या चित्रपटांचे. राष्ट्रीय एकात्मतेवरचा सर्वोत्कृष्ट कथापट म्हणून नर्गिस दत्त पुरस्कार 'तमस'ला, सहायक अभिनेत्रीचा सुरेखा सिक्रींना, संगीताचा वनराज भाटियांना. हे पुरस्कार सेन्सॉर प्रमाणपत्राच्या साला-तारखेवर चालतात. प्रमाणपत्र असेल तर दार उघडं. पुढे ही कृती सलग चार तासांचा चित्रपट म्हणूनही दाखवली गेली. तेव्हा पहिल्या काकांच्या हाती भक्कम कागद आहेत. तरी मी नोंद 'कार्यक्रम' अशीच करते, कारण पुरस्कार हा पुरस्कार देणाऱ्याच्या नियमांबद्दल बोलतो. कृती कशी घडली आणि लोकांपुढे पहिल्यांदा कशी आली, हे त्यातून कळत नाही.

याच कारणाने मी कायद्यालाही कौल लावत नाही. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा 'सिनेमॅटोग्राफ फिल्म'ची व्याख्या इतकी रुंद करतो की दृश्य-मुद्रण असलेलं जवळपास काहीही त्यात बसतं, रोजची सासू-सुनेची मालिकासुद्धा. उलट 1995 चा केबल कायदा 'कार्यक्रम' म्हणजे दूरचित्रवाणीवरचं कुठलंही प्रक्षेपण म्हणतो आणि त्यात चित्रपटही मोजतो. एका कायद्यात सगळे कार्यक्रम चित्रपट, दुसऱ्यात सगळे चित्रपट कार्यक्रम. दोन्ही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत. तुमच्या कपाटाची चिंता त्यांनी का करावी?

मग ठरवायचं कशावरून? नवखी माणसं ज्या गोष्टींवरून ठरवतात, त्यातल्या बहुतेक टिकत नाहीत. लांबी घ्या. अनुराग कश्यपचा 'गँग्ज ऑफ वासेपूर' सव्वापाच तासांहून मोठा. 2012 मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला आणि आपल्याकडे थिएटरात दोन भागांत लागला. तो चित्रपटच. उलट मिनी-सीरीज तीन तासांतही संपते. भागांची संख्या घ्या. लुई फयादचा 'ले व्हँपीर' 1915-16 मध्ये दहा भागांत आला, तेव्हा टीव्ही जन्मालाही आला नव्हता. लोक तिकीट काढून एकेक भाग बघत होते. दिग्दर्शक मोठा आहे, फिल्मवर चित्रित केलंय, छायाचित्रण 'सिनेमासारखं' आहे, हे तर अजिबात नको. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरची 'बर्लिन अलेक्झांडरप्लाट्झ' चौदा भागांची, पंधरा तासांची, 1980 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवलेली. म्हणून ती कार्यक्रम राहिली नाही असं नव्हे. यामागे खरं तर एक न बोललेला समज असतो: चांगलं ते चित्रपट आणि बाकीचं ते टीव्ही. 'कार्यक्रम' म्हटल्याने कृतीला कमीपणा येतो असं वाटणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना एवढंच सांगते की यादी ही मानपत्र नाही.

आपल्याकडे हा घोळ छापील साहित्यात कधीच मिटलाय. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आधी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली, मग पुस्तक झालं. कुठलाही ग्रंथपाल तिला नियतकालिक म्हणत नाही, आणि 'करमणूक'च्या अंकांना कादंबरीही म्हणत नाही. अंक अंकांच्या जागी, पुस्तक पुस्तकाच्या जागी, आणि नोंदीत एक ओळ की हे त्यातून आलं. टीव्हीच्या बाबतीत आपण तेवढं शहाणपण अजून अंगी बाणवलेलं नाही, इतकंच.

मी स्वतः दोन गोष्टी बघते. कृती कुठे दाखवण्यासाठी केली, आणि लोकांपुढे ती पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कुठे आली. 'खऱ्या अर्थाने' हे शब्द मी एका उदाहरणानंतर जोडले. 'ओ. जे.: मेड इन अमेरिका' हा 467 मिनिटांचा माहितीपट ईएसपीएनने पाच भागांत केला. टीव्हीवर येण्याआधी तो पुरस्काराच्या पात्रतेपुरता थोडे दिवस थिएटरात लावला गेला, आणि 2017 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी टीव्हीसाठीचा एमी पुरस्कारसुद्धा. लगेच ऑस्कर अकादमीने नियम बदलला आणि बहुभागी मालिकांना माहितीपटाच्या स्पर्धेतून बाहेर ठेवलं. 'पहिलं प्रदर्शन' हा नियम आंधळेपणाने लावला असता तर मला हा चित्रपट म्हणावा लागला असता. म्हणून महोत्सवातले खेळ आणि पात्रतेपुरतं थिएटर मी मोजत नाही.

या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या की काम सोपं असतं. श्याम बेनेगलांची 'संविधान' राज्यसभा टीव्हीसाठी केली, 2014 मध्ये तिथेच दहा भागांत दिसली. विषय संपला. 'डेकालॉग' किश्लोव्स्कींनी पोलंडच्या दूरचित्रवाणीसाठी केली, साधारण तासातासाचे दहा भाग. तीही कार्यक्रम. पण तिचे पाचवा आणि सहावा भाग वाढवून 1988 मध्ये दोन स्वतंत्र चित्रपट झाले, 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग' आणि 'अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह'. तुमच्या संग्रहात यातलं काय आहे ते उघडून बघा. नावं जवळची असल्याने ही डिस्क त्या डब्यात हमखास जाते.

न जुळणारी उदाहरणं मात्र डोकं खातात. त्यासाठी स्वीडनचा दिग्दर्शक बर्गमन पुरेसा आहे. 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' 1973 मध्ये स्वीडनच्या टीव्हीवर सहा भागांत आली. एकूण 282 मिनिटं, म्हणजे पावणेपाच तासांना थोडी कमी. प्रत्येक भाग हा एक पुरा प्रसंग. भाग संपला की फोरो बेटाची दृश्यं दिसतात आणि त्यावर श्रेयनामावली बोलून दाखवली जाते. नावं ऐकेपर्यंत प्रेक्षकाने जरा श्वास घ्यावा, मग आठवडाभर घरातल्या घरात धुमसत राहावं, अशी ती रचना. चित्रपटगृहासाठीची आवृत्ती 167 मिनिटांची. जवळजवळ दोन तास गेले आणि आठवड्याआठवड्याची उसंतही गेली. अमेरिकेत ती थिएटरात लागली, पण आधी टीव्हीवर दाखवली गेली म्हणून ऑस्करच्या स्पर्धेबाहेर राहिली. माझ्या मते या दोन कृती आहेत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी काम करत होते त्या एका ठिकाणी दोन्हींची मिळून एकच नोंद होती, प्रकार 'चित्रपट', आणि कपाटातून हाताला येईल ती प्रत दिली जायची. एका विद्यार्थिनीने प्रबंधात लिहिलं की दिग्दर्शक नवरा-बायकोच्या दुराव्याचे टप्पे घाईने उरकतो. तोंडी परीक्षेत तिला विचारलं गेलं, कुठली आवृत्ती पाहिलीत? तिला दोन आहेत हेच माहीत नव्हतं, कारण आमच्या नोंदीत ते नव्हतं. ती आमच्याकडे परत आली तेव्हा रागावली नाही, नुसती उभी राहिली. त्या आठवड्यात मी बसून अशा सगळ्या नोंदी फोडल्या.

त्याहून अवघड 'फॅनी अँड अलेक्झांडर'. बर्गमनच्या मनातली मूळ कृती 312 मिनिटांची, टीव्हीसाठी रचलेली. पण लोकांपुढे आधी आली ती 188 मिनिटांची थिएटर आवृत्ती, 1982 च्या डिसेंबरात, आणि चार ऑस्कर तिनेच मिळवली. इथे माझ्या दोन कसोट्या दोन दिशांना ओढतात. मी काय करते? दोन नोंदी: एक चित्रपट, एक कार्यक्रम, आणि कुठलीही दुसरीची 'उपआवृत्ती' म्हणून लिहीत नाही. 'दास बूट'चंही तेच. 1981 चा चित्रपट आधी, त्याच चित्रीकरणातली लांब मालिका नंतर. इटलीची 'ला मेल्यो जोव्हेंतू' तिथल्या 'राय' या दूरचित्रवाणी संस्थेसाठी केलेली सहा तासांची मालिका, पण 2003 मध्ये कानमध्ये 'अं सर्तें रगार' विभागात जिंकली आणि तीन-तीन तासांचे दोन चित्रपट होऊन जगभर फिरली. तिच्याबाबत मी 'कार्यक्रम' लिहिते आणि शेऱ्यात थिएटरचं लिहिते. आपल्या हयातीत उलटी गंगाही वाहताना दिसली: टॅरंटिनोचा 'द हेटफुल एट' 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर चार भागांची मालिका होऊन आला. चित्रपट चित्रपटच राहिला, मालिकेची नवी नोंद झाली.

जिथे मला माझ्याच नियमाबद्दल खात्री वाटत नाही असं एक उदाहरण आहे, तेही सांगते. ब्रिटिश दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीनची 'स्मॉल अॅक्स', 2020. बीबीसीसाठी केलेल्या पाच कृती, पात्रं वेगळी, लांबी वेगळी, जोडणारा धागा फक्त लंडनमधल्या कॅरिबियन समाजाचा. त्यातल्या दोन कानच्या निवडीत होत्या. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी सगळ्या मिळून वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवल्या, ब्रिटनमध्ये मात्र बाफ्ता या तिथल्या चित्रपट-टीव्ही अकादमीने त्या टीव्हीच्या पुरस्कारांत घेतल्या. इथे 'एक कृती, पाच भाग' म्हणायचं की 'पाच चित्रपट, एक माळ'? मी प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करते आणि वर मालिकेचं नाव लावते. 'ट्विन पीक्स'च्या 2017 च्या अठरा भागांना 'काये द्यु सिनेमा' या फ्रेंच सिने-नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हटलं, त्यावर मात्र मी एक मिनिटही घालवणार नाही. ते टीकाकारांचं कौतुक होतं, वर्गीकरण नव्हे.

आता दुसरा फाटा, जो तुम्ही विचारला नाहीत पण महिन्याभरात विचाराल: मिनी-सीरीज कुठे संपते आणि साधी मालिका कुठे सुरू होते? एमी पुरस्कारांच्या नियमात मिनी-सीरीजसाठी (तिथे तिचं नाव 'मर्यादित मालिका') किमान दोन भाग, एकूण किमान 150 मिनिटं आणि त्यातच पुरी होणारी गोष्ट अशी अट असते. यातलं शेवटचं महत्त्वाचं. 'मिनी' म्हणजे छोटी नव्हे, मिटलेली. 'रूट्स' जानेवारी 1977 मध्ये लागोपाठ आठ रात्री दाखवली आणि संपली. पण 'बिग लिटल लाइज'ने 2017 मध्ये मर्यादित मालिकेचा एमी घेतला आणि 2019 मध्ये दुसरं पर्व काढलं. 2024 ची 'शोगुन' मर्यादित म्हणून आली, पुढची पर्वं ठरली तशी नाट्यमालिकांच्या गटात गेली आणि तिथे तिने बक्षिसांची लूट केली. 1980 ची जुनी 'शोगुन' मात्र निखळ मिनी-सीरीज. म्हणजे नव्या मालिकेला 'मिनी' म्हणण्याची घाई करू नका. मराठीतलं ताजं उदाहरण 'लंपन'. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची, निपुण धर्माधिकारींनी दिग्दर्शित केलेली, 2024 मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात वेब सीरीजचा पुरस्कार मिळवणारी. तिला मी 'मालिका, पर्व 1' लिहीन. संतांची लंपनची पुस्तकं चार आहेत, पुढे काय होईल कोण सांगणार? (आणि हो, थिएटर नाही, वाहिनी नाही, फक्त ओटीटी असलं तरी भागांत रचलेली कृती कार्यक्रमांतच. इफ्फीनेही 2023 पासून तिच्यासाठी वेगळं बक्षीस काढलं, चित्रपटांत मिसळलं नाही.) 'भारत एक खोज' 53 भागांची आणि पूर्ण मिटलेली, पण तिला मी मिनी म्हणत नाही. कारण विचाराल तर एवढंच की तिथे तिला कोणी शोधणार नाही.

सत्यजित राय यांच्या 'सद्गती'सारखे दूरदर्शनसाठी केलेले एकभागी दूरचित्रपट, त्यांना भागच नसल्याने, चित्रपटांत टाका, माध्यम 'दूरचित्रवाणी' लिहा, पुढे चला.

आता तुमचं एक्सेल. 'प्रकार' हा रकाना मोडून तीन करा. पहिल्यात रचना: एकभागी, मिटलेली बहुभागी, चालू मालिका. दुसऱ्यात पहिलं प्रदर्शन: थिएटर, टीव्ही की ओटीटी, आणि साल. तिसऱ्यात तुमच्या हातातल्या प्रतीचा तपशील: किती भाग, किती मिनिटं. शेवटी 'हेही पाहा' म्हणून जोडलेल्या नोंदीचा क्रमांक. यातून 'चित्रपट' आणि 'कार्यक्रम' अशा याद्या हव्या तेव्हा गाळून काढता येतील. ग्रंथालयांच्या ड्यूई पद्धतीचे वर्गांक लावत असाल तर चित्रपट 791.43, दूरचित्रवाणी 791.45. आयएमडीबी या चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाने मिनी-सीरीजला तिसरा वेगळा प्रकार दिलाय, तो तपासायला बरा, पण तिथून डोळे मिटून उतरवू नका. आणि कपाटात डबा कुठे ठेवायचा हे यादीवर सोडू नका. तुमचे सभासद 'तमस' निहलानींच्या चित्रपटांशेजारी शोधत असतील, तर खुशाल तिथे ठेवा. नोंद खरी असली की डबा कुठेही चालतो.

मिनिटं डब्यावरून उतरवू नका, प्रत लावून मोजा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडी पॅल पद्धतीच्या असतात. सेकंदाला 24 चौकटींची फिल्म त्यावर 25 ने पळते, त्यामुळे 240 मिनिटांची कृती साधारण 230 मिनिटांत संपते. दहा मिनिटांचा फरक दिसला म्हणून दुसरी आवृत्ती समजून नवी नोंद करू नका. मी एकदा केली होती, आणि ती मोडायला पुढच्या माणसाला अर्धा दिवस लागला.